चष्मा, छत्री आणि बूट

मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय, ‘विनोदी हेरपट: विडंबन की वारसा?’ हे शीर्षक मीच दिलं, फोनवर, घाईत. मला खरं तर एका हसण्याबद्दल बोलायचंय. माझ्याच.

2015 साली ‘किंग्जमन: द सीक्रेट सर्व्हिस’ बघायला गेलो. लंडनच्या सॅव्हिल रोवरचं शिंप्याचं दुकान, त्याआड हेरसंस्था, आणि सूटबूट घातलेले, जाड काड्यांचे चष्मे लावलेले हेर. टेबलाच्या मुख्य खुर्चीत मायकेल केन दिसला आणि मी खो खो हसलो. एकटाच! शेजारच्या तरुणानं विचारलं, ‘काय झालं?’ असा प्रश्न मला विचारू नये, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

मी कुजबुजत सुरू केलं. 1965 चा ‘द इप्क्रेस फाइल’. त्यात हाच केन हॅरी पामर नावाचा हेर झालाय. तसाच जाड काड्यांचा चष्मा. बाँड कॅसिनोत जातो, हा सुपरमार्केटात ढकलगाडी घेऊन हिंडतो. बाईवर छाप पाडायला घरी स्वयंपाक करतो. त्यात जवळून दिसणारे अंडी फोडणारे हात केनचे नाहीतच, मूळ कादंबरी लिहिणाऱ्या लेन डायटनचे आहेत! आणि हा बाँडच्या उलट्या चालीचा हेर जन्मला कुठे, तर बाँडच्याच घरात. निर्माता हॅरी साल्ट्झमन, नेपथ्य केन अ‍ॅडम, संगीत जॉन बॅरी. तिघेही बाँडपटांतले. सख्खा भाऊच म्हणा, फक्त घरच्यांनी याला जुने कपडे दिले.

‘काका, पिक्चर बघू द्या की!’

गप्प बसलो. तोवर पबमधली मारामारी सुरू झाली होती. ‘किंग्जमन’मधला हेर झालेला कॉलिन फर्थ शांतपणे दाराला कडी घालतो आणि छत्रीच्या मुठीनं ग्लास उचलून गुंडाच्या तोंडावर भिरकावतो. छत्री बघताच माझी जीभ पुन्हा वळवळली, पण आवरली. म्हणून तुम्हाला सांगतो. ती छत्री जॉन स्टीडची, 1961 च्या ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ या ब्रिटिश मालिकेतली. मागच्या रांगेतल्या मुलांनो, तुमचे ते अ‍ॅव्हेंजर्स वेगळे. छत्रीची थट्टा करण्याआधी हेही ऐका: 1978 मध्ये लंडनच्याच वॉटर्लू पुलाजवळ बल्गेरियन लेखक गेओर्गी मार्कोव्ह यांच्या मांडीत रायसिन विषाची इवलीशी गोळी शिरली. चारच दिवसांत ते गेले. ती छत्रीतून मारली असं मानतात. त्यानंतर कुठल्या पटकथाकाराला अतिशयोक्तीचा दोष द्यायचा?

मध्यंतरात तो तरुण परत माझ्याकडे वळला. ‘त्या ऑम्लेटचं पुढे काय झालं?’ माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा वाङ्मयीन विजय तो हाच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर मुद्दा. विडंबनात वस्तूवरच हसतात. 1965 च्या ‘गेट स्मार्ट’मध्ये हेर बुटातून फोन करतो, आणि बूट कानाला लावलेला माणूस हाच विनोद. याउलट ‘गोल्डफिंगर’मध्ये, 1964 साली, बाँडला हत्यारं बनवून देणारा क्यू त्याला गाडीतली माणूस उडवणारी सीट समजावतो तेव्हा क्यूच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. त्याला ती खरीच वाटते, म्हणून आपण हसतो. गंमत आधीपासूनच मुरलेली होती. 2006 च्या ‘कॅसिनो रॉयल’नंतर बाँड गंभीर झाला आणि ही जागा मोकळी पडली. ‘किंग्जमन’ तिथे शिरला. त्यातला खलनायक आणि फर्थ तर जेवताना जुन्या हेरपटांवर गप्पाच मारतात.

मी हसलो ते मात्र दुसऱ्याच कारणानं. पामर म्हणजे साहेबांच्या जगात नाइलाजानं खपवून घेतलेला साधा माणूस. पन्नास वर्षांनी तोच केन साहेब होऊन बसलाय, आणि सिनेमाचा नायक, सरकारी वसाहतीतल्या एग्झीसारख्या पोराला संस्थेत घ्यायला नाकं मुरडतोय! सूट बाँडचा, पण काळीज पामरचं, आणि पामरच दार अडवून उभा. शेवटी एग्झीच्या नाकावर तोच चष्मा येतो. कसा, ते सांगत नाही.

दुसरी चिठ्ठी? बुटाचं राहिलंच की! एका वाक्यात: ‘किंग्जमन’मध्ये टाचेला टाच आपटली की पुढून विषारी पातं बाहेर येतं, आणि ते 1963 च्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटातल्या खलनायिकेच्या, रोझा क्लेबच्या बुटातलं. बाकीचं चहाच्या वेळी विचारा. शेजारी बसा, म्हणजे झालं.