‘लाल’वर बोट कसं ठेवणार?

मंडळी, रंगांचं चित्रपुस्तक हातात आलं की आपण मुलाची तोंडी परीक्षा घ्यायला लागतो. “हा कुठला रंग? आणि हा?” मूल दोन पानं उत्तरं देतं आणि तिसऱ्या पानाला उठून जातं. मी तर म्हणेन, बरं करतं.

रंगाचा शब्द मुळातच अवघड. ‘चेंडू’ म्हणताना चेंडूवर बोट ठेवता येतं. ‘लाल’वर कसं ठेवणार? बोट पुन्हा चेंडूवरच पडतं. बाळांना रंग काही महिन्यांतच वेगवेगळे दिसू लागतात, पण नाव नेमकं कशाचं, हे उमगायला वेळ लागतो. आपली मुलं रंगांधळी आहेत की काय, अशी धास्ती खुद्द चार्ल्स डार्विनला पडली होती. १८७७ साली त्याने ते लिहिलं आहे. धास्ती निराधार निघाली. तेव्हा अडीच वर्षांच्या पोराने हिरव्याला निळा म्हटलं तर घाबरू नका. ‘लाल चेंडू बघ’ऐवजी ‘हा चेंडू बघ, लाल आहे’ असं म्हणून पाहा. वस्तू आधी कळली की लक्ष तिच्या रंगाकडे वळतं.

भावनांचीही हीच अडचण. राग, हेवा, हुरहुर दाखवायची कशी? म्हणून चित्रकार रंगाचा आधार घेतात. पण लाल म्हणजे राग, निळा म्हणजे दुःख, असा तक्ता पाठ करून घेतात ते मला अजिबात पटत नाही. एखाद्याचा राग पांढरा असेल, असू द्या. “पांढरा का रे?” एवढं विचारा. उत्तर देताना मूल ‘कारण’, ‘मग’, ‘म्हणून’ जोडत लांब वाक्य रचतं. पुढे छापील मजकूर समजायला हीच वाक्यं कामी येतात.

असं एक पान डोळ्यांसमोर आणा. सगळं निळसर, कोपऱ्यात पाठमोरी मुलगी, खाली एकच ओळ: ‘मला काही झालेलं नाही.’ ओळ वाचा आणि गप्प बसा. मूल म्हणेल, “खोटं बोलतेय ती.” कशावरून? “खांदे बघ ना!” शब्द एक सांगतात, चित्र दुसरंच, आणि खरं काय ते मुलाने ताडलेलं असतं. तेही एक अक्षर न वाचता!

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवून दिलं, की आईवडिलांनी हो-नाहीचे प्रश्न कमी केले, मोकळे प्रश्न विचारले आणि मुलाचं बोलणं थोडं वाढवून परत सांगितलं, तर महिनाभरात मुलांच्या बोलण्यात फरक पडतो.

अक्षरांचं काय? लहान मुलं पानावर चित्रच बघतात, मजकुराकडे फारसं लक्ष देत नाहीत. म्हणून अधूनमधून ओळीखालून बोट फिरवा. मुलाने पांढऱ्या रागाबद्दल जे सांगितलं, ते त्याच्याच शब्दांत, त्याच्यासमोर, त्याच्या चित्राखाली लिहा. व्याकरण सुधारू नका.

आणि दर पानाला प्रश्न नकोत हो. निम्मी पानं नुसती वाचा.