हजेरीतला शेवटचा

(माहितीपटाचे निवेदन. दृश्य : गोव्यात फोंड्यातले घर. बल्कांव, म्हणजे घरापुढचा बसायचा ओटा. सकाळचे कोवळे ऊन.)

सकाळचे साडेसात. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों भोंगा वळणापलीकडे गेला, की माझे वडील बल्कांवात येऊन बसतात. मांडीवर वही, वहीत अडकवलेले पेन, हातात मोबाइल. रोज एक फोन. दोन करत नाहीत आणि एकही चुकवत नाहीत. आज कुणाचा नंबर, ते वही ठरवते.

वही लांबोडकी आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानात हिशेबाला वापरतात तशी. पहिल्या पानावर शाईने लिहिले आहे, 'बी.एस्सी., 1973'. त्याखाली वर्गातल्यांची 43 नावे. शेवटचे नाव वडिलांचे.

शेवटचे का, याला कारण आहे. वडिलांचे नाव 'श'ने सुरू होते. पण त्यांचा जन्म 1952चा, पोर्तुगीज अमदानीतला. पोर्तुगीज लिहिताना 'श'च्या उच्चाराला एक्स हे अक्षर चालते. त्यामुळे त्या काळी जन्मलेले गोव्यातले शंकर, शांताराम, शाबा कागदोपत्री एक्सच्या घरात गेले. मुक्ती 1961 साली मिळाली, जन्माच्या दाखल्यावरचा एक्स तसाच राहिला. कॉलेजात हजेरी ए पासून सुरू व्हायची. त्या वर्गात एक्सच्या पुढचे कुणी नव्हते.

म्हणजे 'प्रेझेंट सर' म्हणायच्या आधी वडिलांना रोज 42 नावे ऐकावी लागायची. इंटर, ज्युनियर, सीनियर, अशी वर्षानुवर्षे. ती नावे त्यांना पाढ्यासारखी पाठ झाली. अजून आहेत. मधलेच एखादे नाव विचारले तर ते जरा अडखळतात, पण पहिल्यापासून म्हणत गेले की बरोबर येतात.

(दृश्य : पणजी. मांडवीचा काठ, जुनी इमारत, बसस्टँड.)

या वर्गाच्या पदव्यांवर मुंबई विद्यापीठाचे नाव आहे. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही कॉलेजे 1962मध्ये सुरू झाली, तेव्हा गोव्याला स्वतःचे विद्यापीठ नव्हते. कॉलेजे मुंबईला जोडलेली. प्रश्नपत्रिका मुंबईची, निकाल मुंबईचा. वडिलांच्या वर्गातल्या बहुतेकांनी राजाबाई टॉवर पाहिला तो पुढे नोकरी शोधायला मुंबईला गेले तेव्हा. गोवा विद्यापीठ स्थापन झाले 1985मध्ये. तोवर ही मंडळी कारखान्यांत, बँकांत, शाळांत नोकरीला लागून बारा वर्षे झाली होती.

ज्या विद्यापीठाने पदवी दिली ते 600 किलोमीटरवर, आणि जे घराजवळ आले ते यांच्या नंतरचे. यांची यादी ठेवणार कोण? वडिलांना हे फार आधी कळले असावे. वही 1974 सालची आहे.

(दृश्य : वहीची पाने, जवळून.)

एक पान बघा. एकाच माणसाचे सात पत्ते. गिरगावातली चाळ. खोडले. डोंबिवली. खोडले. मग कुवेतची पोस्टपेटी. शाई बदललेली, अक्षर तेच. कुवेतच्या पत्त्याशेजारी पेन्सिलीने एक तारीख आहे, 2 ऑगस्ट 1990. त्या दिवशी इराकचे सैन्य कुवेतमध्ये शिरले.

गोव्यातल्या कितीतरी घरांतला एक माणूस तेव्हा तिथे होता. फोन बंद, पत्र बंद. या मित्राची आई बांदोड्याला एकटी राहायची. वर्गातल्या फोंड्याकडच्या पाच जणांनी पाळी लावून घेतली. रोज संध्याकाळी एकाने जायचे, चहा प्यायचा, रेडिओवरच्या बातम्या म्हातारीबरोबर बसून ऐकायच्या. तिला हिंदी बातम्या नीट कळत नसत, म्हणून ऐकून सांगायच्या. वाईट असेल ते जरा कमी करून सांगायचे. लाखाहून जास्त भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानवरून विमानाने परत आणले गेले, त्यांत तो होता. दाबोळीला उतरला तेव्हा त्याच्या हातात एक पिशवी होती, एवढेच वडील सांगतात. त्यापुढे पाणी प्यायला उठतात.

मी तेव्हा लहान होते. वडील रोज संध्याकाळी कुठे जातात, असे आईला विचारले तर ती म्हणायची, 'वर्गात.'

पत्रांचे दिवस सगळ्यांनाच ठाऊक आहेत, त्यावर फार थांबत नाही. आंतरदेशीय पत्रे यायची, उत्तरे जायची. मजकूर मराठीत. आणि भेटले की बोलणे कोकणीत, 'कसो आसा रे?' पासून सुरुवात. लिहिणे एका भाषेत आणि गप्पा दुसऱ्या भाषेत, हे गोव्याबाहेरच्यांना नवल वाटते. इथे आमच्या घरांत ते असेच आहे.

(दृश्य : मडगाव रेल्वे स्टेशन. गाडी फलाटावर येते.)

वर्ग पहिल्यांदा एकत्र आला तो 1998मध्ये. पदवीला 25 वर्षे झाली होती, आणि त्याच वर्षी जानेवारीत कोकण रेल्वे मुंबईपासून गोव्यातून पुढे मंगळुरूपर्यंत सलग सुरू झाली. त्याआधी मुंबईहून यायचे तर रात्रभर बस, नाहीतर बोट, आणि पावसाळ्यात बोट बंद. आता संध्याकाळी गाडीत बसून सकाळी मडगावला उतरता येऊ लागले. तारीख ठरली 19 डिसेंबर, मुक्तिदिन. गोव्यात सगळ्यांना सुटी. तेव्हापासून तीच तारीख.

त्या दिवशी 27 जण आले. फोटोत मोजले, तर त्यांत बाई एकच.

आता मी जे सांगणार आहे, त्यासाठी हा माहितीपट करावासा वाटला.

वर्गात 11 मुली होत्या. बी.एस्सी.च्या वर्गात 11 मुली, तेव्हाच्या मानाने कमी नव्हेत. पंचवीस वर्षांनी वडील शोधायला निघाले, तेव्हा मुलगे एकामागून एक सापडत गेले. घर तेच, आडनाव तेच, गावात विचारले की कुणीतरी नंबर द्यायचे. मुली सापडेनात. लग्नानंतर आडनाव बदलते, हे झालेच. पण आमच्याकडे लग्नात नाव पण बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे आणि अंगठीने नवे नाव लिहायचे. हौसेने, सगळ्यांच्या देखत. त्या ताटात वर्गातली मुलगी हरवते. हजेरीवरचे एकही अक्षर तिच्याजवळ उरत नाही.

वडील सकाळी वर्तमानपत्राचे निधनवार्तांचे पान आधी उघडतात. वर्गातला कुणी गेला तर तिथे कळते. अशी 14 नावे आहेत, प्रत्येकापुढे तारीख. पण एखादी वर्गमैत्रीण गेली, तर ती जाते सासरच्या नावाने. बातमी डोळ्यांखालून जाते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. कधीतरी कुणी 'पूर्वाश्रमीच्या' असे लिहून माहेरचे नाव देतात. तो शब्द दिसला की वडिलांचे बोट तिथे थांबते. मी कितीदा पाहिले आहे.

जुने हजेरीपट मिळतात का, म्हणून ते एका कार्यालयात तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा सांगण्यात आले, की एवढे जुने कागद ठेवत नाहीत. विषय संपला.

(दृश्य : माघातली जत्रा. देवळाची दीपमाळ, फुलांच्या माळा, गर्दी.)

मग त्यांनी गोव्याची रीत धरली. इथे माणूस सापडतो तो कुलदैवतावरून. मुलगी सासरी गेली, नाव बदलले, तरी माहेरचा देव जागच्या जागी असतो आणि माघात जत्रेला त्या घराचे कुणी ना कुणी येतेच. वर्गात दोन बाके पुढे बसणारी एक मुलगी होती. तिचे गाव वडिलांना आठवत होते. गावावरून घराणे, घराण्यावरून देव. ते जत्रेला गेले आणि तिच्या माहेरच्या आडनावाची मंडळी कुठे उतरली आहेत, ते विचारत फिरले. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरू उतरतात तिथे, एक तरुण भेटला. त्याला म्हणाले, 'बाब, तुमच्या घरातली एक मुलगी पणजीला बी.एस्सी.ला होती. 1973 साली.' तो म्हणाला, 'आमच्या आत्या कुणी कॉलेजात नव्हत्या.' शेजारची म्हातारी म्हणाली, 'होती. धाकटी. धारवाडला दिली.'

धारवाडचा नंबर वडिलांनी आठ दिवस तसाच ठेवला. कॉलेजात या मुलींना ते 'तुम्ही' म्हणत, तेही वर्षातून चार-पाच वेळा. प्रॅक्टिकलला ब्यूरेट मागण्यापुरते. आता 70 वर्षांच्या बाईंना फोन करून म्हणायचे काय?

शेवटी केला. साडेसातला. मी शेजारीच होते. पलीकडून सुनेने उचलला. वडिलांनी ते माहेरचे नाव घेतले, पूर्ण. सून म्हणाली, 'या नावाचे इथे कुणी नाही, राँग नंबर.' ती ठेवणार, एवढ्यात मागून आवाज आला. फोन हातातून हातात गेला. थोडा वेळ कुणीच बोलले नाही. मग त्या म्हणाल्या,

'परत एकदा म्हणा.'

वडिलांनी परत म्हटले.

मुंबई विद्यापीठाची ती पदवी त्यांच्या कपाटात साड्यांच्या खाली होती. नातवंडांना ठाऊक नव्हते, की आजी बी.एस्सी. आहे. मागल्या 19 डिसेंबरला त्या मुलाला घेऊन फोंड्याला आल्या. आल्या आल्या वडिलांना म्हणाल्या, 'तुम्ही-बिम्ही पुरे आता.' पन्नास वर्षांनी दोघे 'तू'वर आले.

(दृश्य : मोबाइलचा पडदा, सुप्रभातची चित्रे सरकत जातात.)

व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. फुले येतात, देव येतात, गुडघ्याची औषधे येतात. तो ज्यांना आवडतो त्यांना आवडतो. वडिलांचा त्यावर भरवसा नाही. निळ्या टिका आल्या म्हणजे माणूस बरा आहे असे नव्हे, असे ते म्हणतात आणि मला ते पटते. आवाज ऐकला की कळते. मात्र आता चौघांना फोनवर ऐकू येत नाही. त्यांच्या नावापुढे वहीत 'कार्ड' असे लिहिले आहे. त्यांना पोस्टकार्ड जाते.

आणि एकाच्या नावापुढे 'बुधवार'.

तो मित्र कुंडईला राहतो. तीन वर्षांपासून त्याला माणसे ओळखू येत नाहीत. दर बुधवारी वर्गातला एक जण त्याच्याकडे जातो. यादी वडील करतात. मी कॅमेरा घेऊन गेले तेव्हा पाळी त्यांचीच होती. दोघे व्हरांड्यात बसले. चहा, मिरची भजी. तो मित्र पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, शेवटची कारेर गेली का? कारेर म्हणजे पणजीहून फोंड्याला येणारी तेव्हाची खाजगी बस. ती चुकली तर बाणस्तारीच्या पुलापर्यंत तरी कुणाच्या ट्रकमधून यावे लागायचे. तासाभरात त्याने अकरा वेळा विचारले. वडिलांनी अकराही वेळा घड्याळ बघितले आणि सांगितले, 'ना रे, अजून वेळ आसा.'

(दृश्य : पुन्हा बल्कांव. वही उघडलेली.)

43पैकी 37 जणांचा ठावठिकाणा वहीत आहे. उरलेली सहाही नावे मुलींची. त्यांच्यापुढची जागा कोरी आहे. एकीच्या नावाखाली परवा पेन्सिलीने एक ओळ आली, 'खानापूर? भाची शाळेत शिक्षिका.'

उद्या साडेसातला तो फोन आहे.