पासबुकात न दिसणारं नुकसान

मंडळी, माणसाला बदल नकोसा का वाटतो, हे शोधायला मी तुम्हाला फार लांब नेणार नाही. आपलं बचत खातं पुरेसं आहे.

२५ ऑक्टोबर २०११ रोजी रिझर्व्ह बँकेने बचत खात्याचा व्याजदर ठरवायची मोकळीक बँकांना दिली. तोवर सगळीकडे एकच दर होता, चार टक्के. मग काही खासगी बँकांनी सहा टक्के द्यायला सुरुवात केली. मोठ्या बँका चारवरच थांबल्या, आणि त्यांचे बहुतेक खातेदारही जागचे हलले नाहीत. दोन लाख शिल्लक असलेल्या माणसाचे वर्षाला चार हजार रुपये गेले.

त्यांना आळशी म्हणू नका. पेन्शन त्याच खात्यात येते, विम्याचा हप्ता तिथूनच कापला जातो, काउंटरवरचा माणूस ओळखीचा असतो. शिवाय भीती खोटी नसते. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ते ज्यांनी पाहिलं, ते नव्या बँकेच्या दारात दहादा विचार करणारच.

पण मला खरा प्रश्न पुढे पडतो. बँक बदलायची नाही, ठीक. मग त्याच बँकेत, त्याच शाखेत मुदत ठेव का केली जात नाही?

जॅक नेच या अर्थतज्ज्ञाचा १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांना त्याने कॉफीचा मग दिला, काहींना चॉकलेट, आणि नंतर हवं तर अदलाबदल करा म्हणाला. मगवाल्यांपैकी ८९ टक्क्यांनी मगच ठेवला, चॉकलेटवाल्यांपैकी ९० टक्क्यांनी चॉकलेट. ज्यांना आधी काहीच न देता निवडायला सांगितलं, त्यांच्यात मात्र जवळजवळ निम्मे-निम्मे झाले. म्हणजे आवड कारण नव्हती. एकदा हातात आलेली वस्तू सोडणं जिवावर येतं.

पैशाच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. ठेव केली आणि महिन्याभरात दवाखान्याचा खर्च निघाला, तर घरातले म्हणणार, "कुणी सांगितलं होतं गुंतवायला?" वास्तविक मुदतीआधी ठेव मोडली तर बहुधा थोडं व्याज कापलं जातं, मुद्दल शाबूत राहते. तरीही बोल लागतो. उलट पैसे वर्षानुवर्षं बचत खात्यात पडून राहिले, तर कुणी अवाक्षर काढत नाही. न मिळालेल्या व्याजाची ओळ पासबुकात कधीच छापली जात नाही! केल्याचा दोष अंगाला चिकटतो, न केल्याचा कुणाच्याच नावावर चढत नाही. अशा हिशेबात माणूस स्वस्थ बसणंच पसंत करतो.

म्हणून माझी इथल्या तरुण मुलामुलींना कळकळीची विनंती आहे. आईवडिलांना फोनवरून व्याजदर ऐकवू नका. सुट्टी काढून त्यांच्याबरोबर शाखेत जा. ऑटो स्वीपची सोय आहे का, विचारा. त्यात ठरावीक रकमेच्या वरचे पैसे आपोआप ठेवीत जातात आणि गरज पडली की परत खात्यात येतात. "हा निर्णय आपण दोघांनी घेतलाय," हे त्यांना तिथेच सांगा. आणि गेलाच आहात, तर खात्याला नॉमिनीचं नाव लावलंय का, तेही बघून या.