चालीसाचे दिवस आणि रंगपंचमीची ती दुपार

नमस्कार श्रोतेहो. सध्या आमच्या कॅथलिक घरांमध्ये उपवासकाळ चालू आहे, इथे इंदूरला सगळे त्याला चालीसा म्हणतात, आणि मला आज त्यातली एकच गोष्ट तुमच्यापर्यंत पोचवायची आहे, की हा उपवास एकट्याचा नसतो, अख्ख्या पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या सगळ्या माणसांचा असतो. हे मी मधेमधे पुन्हा सांगणार, कारण रेडिओवर पान उलटून मागे जाता येत नाही.

आधी तारखा सांगते. यंदा, म्हणजे २०२६ ला, चालीसा जिथून सुरू होतो तो राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला झाला आणि इस्टर, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला तो सण, ५ एप्रिलला आहे. मधले दिवस मोजलेत तर ४६ भरतील, पण रविवार उपवासात धरत नाहीत म्हणून ४०. नियम तसे सोपे आहेत, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाने एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा अगदी थोडं, आणि शुक्रवारी मांस नाही, ते वयाच्या १४ पासून पुढे सगळ्यांना. उपवास म्हणजे काय हे तुम्हाला मी काय सांगू, एकादशी-चतुर्थी तुमच्या घरात आहेच. फक्त एक बोलू का, मांस चालत नाही म्हणून शुक्रवारी मुद्दाम पापलेट शोधत फिरणारी माणसं मला आवडत नाहीत. आम्ही मूळचे वसईचे, तिथे मासळी हे गरिबाचं जेवण होतं तेव्हा ते शोभलं, इथे समुद्रापासून इतक्या लांब बर्फातलं पापलेट मटणाच्या वर जातं. त्यापेक्षा मुगाची खिचडी करा आणि वाचलेले पैसे त्या पुठ्ठ्याच्या डब्यात टाका, जो कॅरिटास इंडिया या चर्चच्या समाजसेवी संस्थेच्या चालीसाच्या मोहिमेसाठी मुलांकडे दिलेला असतो.

राखेचं सांगायचं राहिलं. त्या बुधवारी कपाळाला लावतात ती राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांची असते. वसईला माडाच्या झावळ्या, इथे खजुरीच्या, म्हणून इस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवारही इथे खजूर इतवार. त्या पात्यांचे छोटे क्रूस विणून घरोघरी फोटोमागे खोचलेले असतात, ते वर्षभरात वाळून कडक होतात, हात लावला की कडा मोडतात. फेब्रुवारीत सगळे आपापले क्रूस पिशवीतून आणून देतात, चर्चच्या मागे लोखंडी कढईत जाळतात आणि थंड झाल्यावर ती राख मलमलीतून चाळतात. माझ्या घरातला क्रूस, शेजारच्या तमिळ कुटुंबातला, होस्टेलच्या मुलींचा, सगळ्यांची राख एकत्र होते आणि तीच सगळ्यांच्या कपाळाला लागते. म्हणून म्हणते, एकट्याचा नसतो.

मग दर शुक्रवारी संध्याकाळी क्रुसाची वाट. येशूला शिक्षा झाल्यापासून कबरीत ठेवेपर्यंत १४ ठिकाणं, चौदाही ठिकाणी थांबून प्रार्थना. आमच्याकडे प्रत्येक ठिकाण वेगळ्या गटाला वाटून दिलंय, केरळची माणसं, तमिळ, गोव्याची, झाबुआकडून कामाला आलेली भिलाला-भिल्ल कुटुंबं, आणि आम्ही मराठी चार घरं. प्रार्थना हिंदीत, गाणं ज्याच्या त्याच्या भाषेत. त्यानंतर मागच्या हॉलमध्ये पेज आणि मूग, केरळच्या मावश्या मोठ्या पातेल्यात करतात, वर खोबऱ्याचा चुरा आणि पापड, बस्स. ताटं स्टीलची, आणि आपली आपण घासायची. मध्ये एक वर्ष डिस्पोजेबल आणली होती तर मीच विरोध केला, आपलं शहर कचरा वेगळा करण्यासाठी देशभर नावाजलेलं आणि देवाच्या दारात थर्माकोलचा ढीग, हे मला पटत नाही. शिवाय नळापाशी ताट घासताना जेवढ्या ओळखी होतात तेवढ्या बाकावर बसून होत नाहीत.

इंदूरच्या माणसाने या दिवसांत सिस्टर राणी मारियांची आठवण काढल्याशिवाय राहू नये. मूळच्या केरळच्या, देवास जिल्ह्यात उदयनगरला गरीब आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये समंदर सिंह नावाच्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. चारच दिवसांनी राखेचा बुधवार होता. आणि २००२ मध्ये त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि त्या समंदर सिंहच्या हाताला राखी बांधली. २००६ ला तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इथेच, आपल्या इंदुरात, सिस्टरना धन्य घोषित केलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. क्रुसाच्या वाटेवर बाराव्या, येशूच्या मरणाच्या ठिकाणी थांबलो की मला दरवेळी ती राखी आठवते.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज इथे आले.

२०२४ साल. इस्टरचा हिशोब चंद्रावर असतो, २१ मार्च किंवा त्यानंतर येणारी जी पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार. त्या वर्षी काय झालं, ती पौर्णिमा आणि होळीची पौर्णिमा एकच आली. २४ मार्चला सकाळी आमचा झावळ्यांचा रविवार आणि रात्री चौकाचौकात होळी पेटलेली. २९ ला गुड फ्रायडे, ३१ ला इस्टर, आणि मधला शनिवार, ३० तारीख, रंगपंचमी! तुम्ही इंदूरचे आहात, तुम्हाला गेर, ती रंगांची मिरवणूक, काय असते ते सांगायला नको. राजवाड्यावर ताडपत्र्या, टँकर, चार-चार मजले वर उडणारा गुलाल, लाखो माणसं. आणि आमच्यासाठी तो वर्षातला सगळ्यात शांत दिवस, गुरुवारच्या रात्रीपासून घंटासुद्धा वाजवत नाहीत, वेदी उघडी, एक फडकं नाही तिच्यावर.

तर त्या वेदीचीच गोष्ट. गुरुवारी रात्री मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, झाली की वेदीवरचं कापड काढून घेतात. इस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाला ते धुतलेलं, कडक इस्त्रीचं परत घालायचं असतं, आणि वेदीसेवक मुलांचे पांढरे झगेही. धुणं सिस्टर करतात, पण एवढं लांब कापड घरच्या इस्त्रीने होत नाही, ते कित्येक वर्षं राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका प्रेसवाल्या भैयाकडे जातं. काकांनी, म्हणजे सॅक्रिस्टी, उपासनेच्या सामानाची खोली, सांभाळतात ते काका, शुक्रवारी सकाळी गठ्ठा दिला, रात्री मिळणार असं ठरलं, आणि संध्याकाळी गल्लीतली लाइट गेली. ती आली शनिवारी पहाटे. भैयाने इस्त्री उरकली तोवर बाहेर बॅरिकेड लागलेले आणि ढोल सुरू.

त्याने फोन केला, कपड़े तैयार हैं भिया, पर निकलूं किधर से. काका म्हणाले राहू दे, आम्ही जुनं कापड घालतो. तर तो पलीकडून ओरडला, साल का सबसे बड़ा त्योहार है आपका, पुराना कैसे बिछेगा! आणि फोन ठेवला.

पुढचं त्याने आम्हाला नंतर सांगितलं. आधी गठ्ठा सुती चादरीत बांधला, मग पलंगाच्या गादीवर आलेलं जाड प्लास्टिक होतं ते गुंडाळलं, वर ताडपत्रीचा तुकडा, आणि सुतळीने चारी बाजूंनी आवळलं. डोक्यावर घेतलं आणि निघाला गेरेच्या मधून. त्याला कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंत चालतच जायचं होतं, तिथून पुढे रिक्षा. एरवी पाच-सात मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी पाय ठेवायला जागा नाही. पोरं रंग टाकायला आली की हा ओरडायचा, ऊपर मत डालना, भगवान के कपड़े हैं! कुठले भगवान हे कोणी विचारलं नाही, मंडळी, कोणीच नाही. पिचकारीवाल्या एका पोराने पाइप दुसरीकडे वळवला, चार जणांनी हात वर करून त्याच्या डोक्याभोवती कडं धरलं आणि तसंच त्याला पुलापर्यंत नेलं. डोक्याच्या खाली मात्र त्याला कोणी सोडला नाही, ते तो आमच्याकडे पोचला तेव्हा मी डोळ्यांनी बघितलं.

आम्ही तेव्हा चर्चची फरशी धूत होतो, चार वाजत आले असतील. फाटकाशी एक माणूस उभा, तोंड हिरवं, कान गुलाबी, शर्टाचा मूळ रंग कोणता ते सांगता येणार नाही, पायातून जांभळं पाणी गळतंय आणि डोक्यावर तो गठ्ठा. या ना आत, म्हटलं, तर येईना. फर्श गीला है दीदी, मेरा रंग फैल जाएगा. गठ्ठा खाली ठेवेना आणि सुतळीला हातही लावेना, म्हणाला कैंची लाओ, आप लोग काटो, मेरे हाथ लगे तो सब गया. एक मावशी पळत जाऊन फुलांची कात्री घेऊन आली. फादर स्वतः बाहेर आले, हात धुऊन, आणि भैयाच्या डोक्यावरच ताडपत्री कापली, मग प्लास्टिक, मग आतून चादर सोडवून घेतली. तो मान ताठ धरून उभा, डोळे मिटून, जसा कोणी केस कापायला बसतो तसा. आम्ही कापड आत नेऊन वेदीवर पसरलं. मी दोन्ही बाजू उलटून बघितल्या, झगे एकेक करून बघितले, एक ठिपका नव्हता. घडीची रेघ बोटाला लागत होती इतकी कडक.

मग बायकांनी त्याला नळापाशी नेलं, बेसन दिलं, तेल दिलं, तोंड तर उजळलं पण कानामागचा हिरवा काही जाईना. हे हल्लीचे केमिकलचे रंग बंद व्हायला पाहिजेत, मी कितीदा सांगते, याच दिवसांत सिमरोलच्या घाटात पळस एवढा फुललेला असतो, आपल्या माळव्यात पूर्वी त्याच टेसूच्या पाण्याने खेळायचे, त्वचेला त्रास नाही काही नाही. असो. स्वयंपाकघरात त्या दिवशी फक्त उकडलेले चणे आणि काळा चहा होता, तेच त्याला दिलं, तो पायरीवर बसून खात होता, फादर शेजारी बसले होते आणि दोघं बराच वेळ लाइट का जाते यावर बोलत होते.

रात्री जागरण झालं. अंगणात नवा अग्नी पेटवला, त्यावरून पास्खाची, म्हणजे इस्टरची मोठी मेणबत्ती, तिच्यावर २०२४ हे आकडे कोरलेले, मग तिच्यावरून प्रत्येकाच्या हातातली. अंधाऱ्या चर्चमध्ये आधी जुन्या कराराचे वाचन, समुद्र दुभंगतो तो उतारा कधीच गाळत नाहीत, आणि मग महिमा-गान सुरू झालं, दोन दिवस गप्प असलेल्या घंटा एकदम वाजल्या, दिवे लागले आणि ते पांढरं कापड सगळ्यांना दिसलं. निम्म्या लोकांच्या नखांत रंग होता. वेदीसेवकांमधल्या एका मुलाचे कानसुद्धा गुलाबी होते, तो सकाळी गेरेत जाऊन आलेला, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही, आमची मुलं याच शहराची आहेत.

सोमवारी काका हिशोबाला गेले. भैयाने नेहमीचाच भाव लावला. काकांनी वरचे पैसे पुढे केले तर घेतले नाहीत, इस्त्री के पैसे इस्त्री के, बस इतना. पण मावशीने पाठवलेला केक घेतला आणि तिथेच गल्लीत वाटला.

म्हणून मी पुन्हा सांगते, हा उपवास एकट्याचा नसतो, आणि त्या शनिवारपासून मी असंही म्हणते की तो नुसता पॅरिशचाही नसतो. कापड आमचं, डोकं त्याचं, आणि वर हात धरणारी ती चार माणसं कोण होती ते आम्हाला आजही माहीत नाही.

यंदा रंगपंचमी ८ मार्चलाच होऊन गेली, त्यामुळे वाटा मोकळ्या आहेत. २९ मार्चला झावळ्यांचा रविवार, २ एप्रिलला संध्याकाळी गुरुवारची मिस्सा, त्यात फादर १२ जणांचे पाय धुतात, २०१६ पासून त्यात बायकाही असतात आणि हे फार आधी व्हायला हवं होतं असं माझं मत आहे. केरळच्या घरांतून त्याच रात्री बिनखमिराचा पेसहा अप्पम कापतात, घरातला मोठा माणूस सगळ्यांना तुकडा देतो, कोणी बोलावलं तर नक्की जा. ३ एप्रिलला गुड फ्रायडेची उपासना दुपारी ३ वाजता, त्या दिवशी कारल्याचा कडू रस मिळतो, तो नाही म्हणू नका. आणि ४ तारखेच्या रात्री जागरण. तुम्ही कोणीही येऊ शकता, मागच्या बाकांवर जागा असते. फक्त अंधार पडायच्या आधी पोचा, कारण अग्नी बाहेर अंगणात असतो आणि मेणबत्त्या तिथेच वाटतात, आत आल्यावर मिळत नाहीत. मेणबत्तीला खालून कागदाची वाटी लावून घ्या, मेण हातावर पडलं की चांगलंच पोळतं, आणि लहान मुलं असतील तर त्यांना पुढे उभं करा, म्हणजे अग्नी नीट दिसेल. नमस्कार.