दिवाणाखालची बयो

नमस्कार मंडळी. भित्र्या कुत्र्याची दिवाळीसाठी तयारी कशी करायची, ते सांगायचं मी कबूल केलंय. सांगणारच आहे. पण आधी बयोची गोष्ट, कारण मला जे कळलं ते तिच्यापासून कळलं.

बयो आमच्याकडे आली तेव्हा दोन-अडीच वर्षांची असावी, दातांवरून डॉक्टर म्हणाले. तांबडी, गावठी, एका कानाला खाच. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या कानाची ही खाच तुम्ही पाहिली असेल. नसबंदी झाल्याची खूण. आपल्याकडे २००१ पासून नियम आहे, की कुत्रं पकडायचं, नसबंदी करून रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. २०२३च्या नव्या नियमांतही तेच आहे आणि मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. पण पकडताना कित्येकदा जाळी टाकतात. मी गॅलरीत चादर झटकली की बयो जागच्या जागी लघवी करायची. वरून अंगावर येणारं काहीतरी तिला दिसतंय, हे ध्यानात यायला मला दोन महिने लागले. जाळीचाच धसका होता का, ती सांगू शकत नाही. मी तिच्यासमोर चादर झटकणं सोडलं.

पहिले नऊ दिवस ती दिवाणाखाली होती. रात्री दिवे मालवले की जेवायची. मी रोज संध्याकाळी दिवाणाशेजारी जमिनीवर बसायचे, तिच्याकडे पाठ करून, आणि पेपर मोठ्यानं वाचायचे. अग्रलेख, बाजारभाव, सगळं. दहाव्या दिवशी टाचेला ओलं नाक लागलं. मी पान उलटलंसुद्धा नाही!

आणि त्याच आठवड्यात आमचे एक नातेवाईक आले. "वहिनी, मला कुत्रे ओळखतात," म्हणाले, आणि पट्ट्याला धरून तिला बाहेर ओढलं. तिनं जांभई दिली. "बघा, झोप आलीय." ओठ चाटले. "बघा, भूक लागलीय." तोंड फिरवलं, तर डोक्यावर थोपटायला लागले. मग ती लाकडासारखी झाली, आणि ते म्हणाले, "बसली की नाही गप्प?"

मंडळी, हे मला आजही सहन होत नाही. जांभई, ओठ चाटणं, मान वळवणं, या तीनदा केलेल्या विनवण्या होत्या. आणि गप्प बसलेलं कुत्रं शांत झालेलं असतंच असं नाही. पळायला वाट उरली नाही की ते थिजतं. अशा वेळी एखादं चावतं, आणि मग आपण म्हणतो, अचानक चावलं. बयो चावली नाही. पुन्हा दिवाणाखाली गेली, ती अकरा दिवस.

जाताना ते म्हणाले, "तुम्ही लाड करता म्हणून भित्री झालीय." हे वाक्य तुम्हालाही कोणीतरी ऐकवणार आहे. बसायला शिकवलं आणि खाऊ दिला तर कुत्रं पुन्हा बसेल, कारण बसणं ही कृती आहे. भीती ही कृती नाही. घाबरून तुमच्याकडे आलेल्या कुत्र्याला जवळ घेतलंत म्हणून ते जास्त घाबरायला शिकत नाही. पिल्लाचं जगाशी ओळख करून घ्यायचं वय साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतचं. तेव्हा जे सुटलं ते पुढे शिकता येतं, फक्त फार सावकाश...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर फटाके. श्रावणातच सुरुवात करा. फटाक्यांचं रेकॉर्डिंग इतक्या हळू आवाजात लावा, की कुत्रं नुसता कान हलवेल. आधी आवाज, लगेच मागून उकडलेल्या चिकनचा तुकडा. हा क्रम उलटा करू नका, नाहीतर चिकन दिसलं की आता आवाज होणार, असं ते शिकेल. आवाज थांबला, खाणं थांबलं. खायचं सोडलं तर आपण पुढे धावलोय; आवाज कमी करा. रोज पाचच मिनिटं. कुकरच्या शिट्टीला, मिक्सरला, लिफ्टच्या दाराला हीच रीत.

ऐन दिवाळीत अंधार पडायच्या आत फिरवून आणा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून पट्ट्यातून मान काढून घेतं, म्हणून अंगाला नीट बसणारा हार्नेस घाला. लपायची जागा त्यानं निवडलेली असू दे, मोरी तर मोरी. फारच थरथरत असेल तर डॉक्टरांना आधीच भेटा, औषध घेण्यात कमीपणा नाही. मात्र हे नक्की विचारा, की औषध भीती कमी करणारं आहे की नुसती गुंगी आणणारं. नुसत्या गुंगीत शरीर लुळं पडतं आणि आतली भीती तशीच राहते.

चिकन बिनमिठाचं, आणि त्यात कांदा-लसूण अजिबात नको. कुत्र्याला ते विषारी आहे.

बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी विचारा. बयो आज माझ्याबरोबर आलीय, खाली जिन्यापाशी मुलीजवळ बसलीय. तिच्यावर वाकू नका, हात पुढे करू नका. थोडं लांब, तिच्याकडे कूस करून जमिनीवर बसा. तिला यावंसं वाटलं तर ती येईल.