कोटेशनमध्ये नसलेली ओळ

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका वाचनालयात पालक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आत्ता असेंबल केलेल्या, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या, कॉम्प्युटरचं एखादं कोटेशन असेल. गोखले रोडवरच्या दुकानातलं, वाशीचं, नाहीतर दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट, प्रत्येकापुढे किंमत लिहिलेली असते. दोनशे-तीनशे रुपयांवरून घासाघीसही झालेली असते. त्या कागदावर ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे विंडोजसारख्या कॉम्प्युटर चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची, ओळ मात्र बहुतेक वेळा नसते. विचारलं की उत्तर येतं, "त्याची काळजी करू नका, विंडोज मारून देतो."

आज मला याच एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. पैसे वाचवायला माझी अजिबात हरकत नाही. मुलाच्या शिक्षणासाठी महिन्याच्या पगारातून कॉम्प्युटर उभा करणाऱ्या घराला दहा हजार ही मोठी रक्कम आहे, आणि विंडोज ११ होमची अधिकृत किंमत साधारण तेवढीच पडते. पण जे खरोखरच फुकट आहे ते घेऊन पैसे वाचवा. चोरीचं घेऊन वाचवू नका.

"मारून देतो" म्हणजे नेमकं काय होतं, ते जरा बारकाईने बघू. मोठ्या कंपन्यांमध्ये शेकडो कॉम्प्युटर असतात. प्रत्येकावर वेगळी की, म्हणजे परवान्याचा क्रमांक, टाकत बसायला नको म्हणून मायक्रोसॉफ्टने केएमएस नावाची सोय केली आहे. कंपनीच्या आतच एक सर्व्हर असतो, बाकीची मशिन त्याला परवान्याचं विचारतात, तो होकार देतो आणि तो होकार १८० दिवस चालतो. मुदत संपण्याआधी मशिन पुन्हा विचारून घेतं. अॅक्टिव्हेटर हा विंडोज "मारून देणारा" प्रोग्रॅम या सोयीचा गैरफायदा घेतो. तुमच्याच मशिनमध्ये तो एक खोटा सर्व्हर बसवतो, किंवा तुमचं मशिन इंटरनेटवरच्या कुणा अनोळखी माणसाच्या सर्व्हरला जोडून देतो. आणि मुदत पुन्हापुन्हा वाढत राहावी म्हणून अॅडमिनिस्ट्रेटरचे पूर्ण अधिकार घेऊन मागे चालत राहतो. त्याला बसवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल. आपण त्याच मशिनवर नेट बँकिंग करतो, मुलांच्या प्रवेशाची कागदपत्रं ठेवतो, आधारची पीडीएफ ठेवतो. कुणी लिहिलंय हे माहीत नसलेल्या प्रोग्रॅमच्या हातात आपण घराची किल्ली दिलेली असते.

घरी मशिन असेल तर आज रात्रीच तपासा. सेटिंग्जमध्ये जा, सिस्टिम उघडा, त्यात अॅक्टिव्हेशन आहे. तिथे विंडोज तुमच्या संस्थेच्या अॅक्टिव्हेशन सेवेने सुरू झालं आहे, अशा अर्थाची ओळ दिसली आणि तुमची काही संस्था नसली, तर प्रकार काय आहे ते कळलं. ओळ दिसली नाही म्हणजे सगळं स्वच्छ, असं मात्र समजू नका; दुसऱ्या तऱ्हेचे क्रॅकही, म्हणजे परवाना चुकवायच्या युक्त्याही, असतात.

कायद्याचंही सांगतो, कारण "घरी कोण बघायला येतंय" हे वाक्य मी सारखं ऐकतो. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये ६३-बी हे कलम खास कॉम्प्युटर प्रोग्रॅमसाठी आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून ती वापरली, तर कमीत कमी सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. घरोघरी धाडी पडतात असं मी म्हणत नाही. पण घराच्या एका खोलीतून अकाउंटचं काम, डिझाइनचं काम, क्लासच्या नोट्सचं काम करणारी माणसं या हॉलमध्ये आहेत. तुमचा वापर धंद्याचा आहे, हे लक्षात असू द्या.

नेटवर काहीशे रुपयांत मिळणाऱ्या "ओरिजिनल" कीज हा याचाच सुशिक्षित चुलतभाऊ. त्यातल्या पुष्कळ कीज कंपन्यांच्या किंवा शिक्षणसंस्थांच्या परवान्यातून बाहेर आलेल्या असतात. आज चालतात. उद्या मायक्रोसॉफ्टने ती की बंद केली की विकणारा फोन उचलत नाही. पैसे द्यायचेच असतील तर बिल मिळेल अशा ठिकाणी द्या, आणि ओईएम घेताय की रिटेल हे विचारून घ्या. ओईएम परवाना त्या मदरबोर्डशी बांधलेला असतो. चार वर्षांनी बोर्ड बदलला की तो साधारणपणे संपला. रिटेल महाग, पण नव्या मशिनवर नेता येतो. असेंबल केलेल्या मशिनचे भाग आपण बदलतच राहतो, त्यामुळे विंडोज घ्यायचंच ठरलं तर मी रिटेलच सुचवीन. आणि "हलकं चालतं" म्हणून कुणी विंडोज १० टाकून देत असेल तर नको म्हणा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

आता खरोखर फुकट काय आहे ते. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं मूळ लिहायला घेतलं. आज जगातले बहुसंख्य सर्व्हर त्यावर चालतात आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे. घरच्या वापरासाठी त्याची अनेक रूपं आहेत. नवशिक्याला मी लिनक्स मिंट देतो, कारण खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, ही मांडणी विंडोज वापरलेल्याला परकी वाटत नाही. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. परवान्याची की लागत नाही, परवान्याला मुदत नाही, जाहिराती नाहीत. ब्राउझर विंडोजवर असतो तोच. लिब्रे ऑफिस या फुकट ऑफिस-संचात अर्ज, प्रोजेक्ट, हिशेब सगळं होतं. स्वतःचं आयकर विवरणपत्रही ब्राउझरमधून भरून आधार ओटीपीने पडताळता येतं, त्याला विंडोज लागत नाही. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं कितीतरी वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात, म्हणजे मुलांना जमणार नाही ही शंका नको.

मराठीचं विचारणार हे माहीत आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी लेआउट जोडला की झालं, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यायला नको. इनस्क्रिप्ट या लेआउटमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला आहेत. के दाबलं की क, डी दाबलं की हलंत. आठवडाभर रोज थोडा वेळ दिलात तर बोटं आपोआप जातात. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, लिहिलेलं कुठेही उघडतं. अडचण येते ती जुन्या डीटीपी फाँटमधल्या फायलींची. आमंत्रणपत्रिका, जुने अहवाल असं काही तसल्या फाँटमध्ये साठलेलं असेल, तर ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावं लागेल.

आणि जिथे लिनक्स चालत नाही, तेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. घरात हिशेबाचं टॅली लागत असेल, तर विंडोज घ्या. टॅली विंडोजसाठीच आहे. जुगाड करून चालवता येतं, पण मार्च एन्डिंगला जुगाडावर विसंबू नये. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनवर रोजचं काम असेल तरीही विंडोजच. ऑफिसमधून मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, भरलेल्या एक्सेल शीट येत असतील, अॅडोबीचं काम असेल, तर विंडोज. मुलगा व्हॅलोरंट खेळतो? त्या गेममधली लबाडी पकडणारी यंत्रणा विंडोजशिवाय चालत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातले पुष्कळ गेम मात्र २०१८ पासून प्रोटॉन नावाच्या सोयीमुळे लिनक्सवर चालतात. तेव्हा "गेम" असं मोघम विचारू नका, त्या गेमचं नाव घेऊन शोधा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घात होतो तो प्रिंटरवर. कॅननचा एलबीपी २९०० हा लहानसा लेझर प्रिंटर गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानापासून घरापर्यंत सगळीकडे आहे आणि वर्षानुवर्षं बिघडत नाही. लिनक्सवर तो चालवायला नाकी नऊ येतात, कारण त्याची कॅननची स्वतःची वेगळी पद्धत आहे. एचपीचे बरेच प्रिंटर सहज लागतात. म्हणून सिस्टिम ठरवायच्या आधी घरातल्या प्रिंटरचं मॉडेल बघा.

नव्या मशिनचा एक खास प्रश्न आहे. बोर्ड किंवा ग्राफिक कार्ड नुकतंच बाजारात आलेलं असलं, तर मिंटमधलं कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, त्याला ओळखत नाही असं होतं. वायफाय दिसत नाही, स्क्रीन धूसर येते. अशा वेळी फेडोरा किंवा उबुंटू या लिनक्सच्या दुसऱ्या रूपांची सर्वात ताजी आवृत्ती लावून बघा. बोर्ड अजून घ्यायचा असेल तर वायफायची चिप इंटेलची आहे का विचारा, ती सहसा त्रास देत नाही. ग्राफिक कार्डात एएमडीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, कर्नलमध्येच असतो. एनव्हिडिया असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून एकदा ड्रायव्हर घालावा लागतो. वायफाय नाही म्हणून अडून बसू नका. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट सुरू होतं.

हे सगळं विकत घ्यायच्या आधी बघता येतं, आणि ही सोय फार कमी लोक वापरतात. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, मिंटची फाइल उतरवा, रुफस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर चढवा. मशिन त्यावरून सुरू केलं की पूर्ण सिस्टिम चालते आणि एसएसडीला हातही लागत नाही. दुकानात असेंबली झाली की पैसे देण्याआधी हा पेनड्राइव्ह लावायला सांगा. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, यूएसबीची सगळी भोकं चालतात का, स्क्रीनचं रेझोल्यूशन बरोबर आहे का, सगळं तिथेच पाहून घ्या. दुकानदार चांगला असेल तर त्याला राग येणार नाही; सुटे भाग खराब नाहीत हे त्यालाही कळतं.

मागून एका ताईंनी विचारलं, मुलीला दोन्ही हवंय तर? जमतं. आधी विंडोज टाका, मग लिनक्स. उलट केलंत तर विंडोज सुरुवातीचा ताबा स्वतःकडे घेतं आणि लिनक्स दिसेनासं होतं. परवडत असेल तर दोन वेगळ्या एसएसडी घ्या, एकीला काही झालं तर दुसरी चालू राहते. दोन्हीकडे घड्याळ साडेपाच तासांनी पुढेमागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स बोर्डावरची वेळ जागतिक धरतं आणि विंडोज स्थानिक, लिनक्समध्ये एक सेटिंग बदललं की जुळतं. आणि विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की पुष्कळ मशिनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. पार्टिशनला, म्हणजे डिस्कच्या वाटण्यांना, हात लावायच्या आधी त्या खात्यात जाऊन हे कुलूप उघडणारी रिकव्हरी की शोधा, कागदावर उतरवा आणि मशिनच्या बिलाबरोबर फाइलमध्ये लावून ठेवा.