बंदूक खुंटीला, नजर बांधावर

बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, जांबोटीच्या पलीकडचा पट्टा. भाताची मळणी आटोपलीय आणि त्याच ओलीवर मसुरीची कोवळी रोपं वर आलीत. थंडी पडली की इथल्या हौशी शिकाऱ्यांचे दिवस सुरू व्हायचे.

आप्पा सत्तरीपुढचे. त्यांच्या वडिलांच्या वेळी पौषात शिकारीचा हाका निघायचा, रान उठवून जनावर बंदुकीपुढे आणायचं. कुत्री, हाकारे, वाट धरून बसलेले दोघे-तिघे बंदूकवाले, आणि संध्याकाळी घरटी मटणाचे वाटे. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच कायद्यातून काढले, आणि 2011 मध्ये इथलं रान भीमगड अभयारण्य झालं. बरं झालं, असं आप्पा म्हणत नाहीत. आम्ही म्हणतो.

घरात ठासणीची बंदूक आहे, पीकराखणीच्या परवान्याची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा. डुकरांना आचारसंहिता नसते, ही गोष्ट वेगळी. एरवीही ती खुंटीवरच. रात्री राखणीला शेतातल्या माळ्यावर जाताना आप्पा नेतात घोंगडं, बॅटरी, बडवायला पत्र्याचा डबा आणि फटाके.

आणि पहाटे बांधावर फेरी. हे बघा, पुढे दोन खूर रुतलेत, मागे दोन्ही बाजूंना बारीक टोचे. चिखलात हे टोचे असे उमटले की समजायचं रानडुक्कर. सांबराचे सहसा उमटत नाहीत. ठशाची कड अजून ताजी आहे. सगळ्या गवतावर दहिवर आहे, ह्या एवढ्या पट्ट्यातलं तेवढं झडलंय. म्हणजे जनावर आत्ताच गेलं. आप्पा बोटाने कड दाबून बघतात आणि ओढा सोडून उसाकडे वळतात.

उसात डुकरांचा मुक्काम. तोडणी आत सरकते तसा कळप मधल्या पट्ट्यात दबून बसतो आणि शेवटच्या चार सऱ्या उरल्या की एकदम फुटतो. अशा वेळी टोळीवाले कोयते थांबवून आप्पांना बोलावतात. बाया-पोरांनी कुठे थांबायचं, कुठली बाजू मोकळी ठेवायची, हे ते सांगतात. पूर्वी ज्या बाजूला बंदूकवाला बसायचा, नेमकी तीच बाजू आता मोकळी सोडायची.

गव्याचं मात्र वेगळं. "डुक्कर हुसकावता येतंय रे. गवा उभारला की आपणच सरकायचं," आप्पा म्हणतात.

पीक तुडवलं की भरपाईसाठी वनखात्याकडे अर्ज. तो कन्नडमधून नात भरते, ती कन्नड शाळेत जाते. फोटोही तीच काढते, पण कुठल्या ठशाचा काढायचा ते आजोबा ठरवतात आणि मापाला शेजारी काडेपेटी ठेवतात. आता गावातले बाकीचेही आपापले फोटो घेऊन आप्पांच्या सोप्यात येतात. परवा एकजण गव्याचं पाऊल म्हणून मोबाईल पुढे करत होता. आप्पांनी चष्मा वर सरकवून बघितलं.

"ही तुझीच म्हस हाय की रे!"